गुडघा दगा देतो तेव्हा... : अस्थिबंधांच्या दुखापतीची ओळख आणि उपचार

कबड्डीचा सामना ऐन रंगात आलेला असतो. चढाई करून मध्यरेषेकडे परतणारा खेळाडू बचावपटूला हुलकावणी देण्यासाठी एका पायावर गर्रकन वळतो. पाऊल मैदानात रोवलेलेच राहते, शरीर मात्र फिरते. गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज येतो आणि खेळाडू जागीच खाली बसतो. थोड्या वेळाने तो उठतो, लंगडत का होईना चालतो. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजतो. कोणी तेल लावून चोळून देतो, कोणी हळदीचा लेप लावतो, कोणी जवळच्या दवाखान्यात नेऊन एक्स-रे काढून आणतो. ‘हाड मोडलेले नाही’ असे कळताच घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. दोन-तीन आठवड्यांत सूज ओसरते, वेदना थांबतात, खेळाडू पुन्हा मैदानावर उतरतो आणि पहिल्याच वळणाला गुडघा पुन्हा निसटतो.

गुडघ्याच्या अस्थिबंधांची, म्हणजेच लिगामेंटची, दुखापत नेमकी याच कारणाने फसवी ठरते. हाड मोडले तर पाय टेकवत नाही आणि उपचार टाळताही येत नाहीत. अस्थिबंध तुटला तर काही दिवसांनी चालता येते, जिना चढता येतो, कामावरही जाता येते. त्यामुळे दुखापत बरी झाली असा समज होतो. प्रत्यक्षात सांध्याचा आधार नाहीसा झालेला असतो आणि गुडघा निसटण्याच्या प्रत्येक प्रसंगी आतील गादी व कूर्चा यांना इजा होण्याचा धोका असतो. मूळ दुखापतीपेक्षा या मागाहून होणाऱ्या हानीचीच किंमत रुग्णाला पुष्कळदा अधिक मोजावी लागते. म्हणूनच ही दुखापत पहिल्या काही दिवसांत ओळखली जाणे अत्यंत महत्त्वाचे आहे.

गुडघ्याची रचना

खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचे गोल टोक कमरेच्या हाडातील खोल वाटीत नीट बसलेले असते. गुडघ्याची रचना तशी नाही. येथे मांडीच्या हाडाची दोन गोलाकार टोके नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. हाडांच्या आकारातून या सांध्याला फारसे स्थैर्य मिळत नाही. ते मिळते अस्थिबंधांकडून आणि सभोवतालच्या स्नायूंकडून.

अस्थिबंध म्हणजे एका हाडाला दुसऱ्या हाडाशी जोडणारा चिवट तंतूंचा पट्टा. गुडघ्यात असे चार प्रमुख अस्थिबंध आहेत. सांध्याच्या आत, मधोमध, फुलीच्या आकारात एकमेकांना छेदून जाणारे दोन अस्थिबंध असतात. त्यांपैकी पुढचा अँटेरिअर क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे ‘एसीएल’, आणि मागचा पोस्टेरिअर क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे ‘पीसीएल’. एसीएल नडगीच्या हाडाला पुढे सरकू देत नाही आणि सांध्याच्या पिळाला आवर घालतो. पीसीएल तेच हाड मागे सरकण्यापासून रोखतो. सांध्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ‘एमसीएल’ आणि बाहेरच्या बाजूचा ‘एलसीएल’ या नावाने ओळखला जातो. हे दोघे गुडघ्याला आडवे वाकू देत नाहीत.

एसीएलची लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते. तरीही तरुण व्यक्तीचा हा अस्थिबंध तोडण्यासाठी सरासरी सुमारे २,१६० न्यूटन, म्हणजे साधारण २२० किलो वजनाइतकी ओढ लागते, असे १९९१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. साठीनंतर हीच क्षमता एक तृतीयांशाहूनही खाली येते. अस्थिबंध हे केवळ दोरखंडाचे काम करत नाहीत. त्यांच्यात सूक्ष्म मज्जातंतू असतात आणि सांधा कोणत्या स्थितीत आहे, याची वार्ता ते मेंदूला पोहोचवतात. अस्थिबंध तुटल्यावर गुडघ्यावरचा ‘भरवसा’ जातो, असे रुग्ण सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे.

या चौघांच्या जोडीला दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात. शरीराचा भार पेलून तो सर्वत्र पसरवणे हे त्यांचे काम. अस्थिबंधाबरोबर या गाद्याही फाटणे ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे.

दुखापत कशी होते?

एसीएल तुटण्यासाठी कोणाचा धक्का लागावाच लागतो असे नाही. किंबहुना, बहुसंख्य खेळाडूंना ही दुखापत कोणाचाही थेट धक्का न लागता होते. धावता धावता एकदम थांबणे, दिशा बदलणे, उडी मारून एका पायावर चुकीच्या पद्धतीने उतरणे, ही त्याची नेहमीची कारणे. कबड्डी, फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉल, बॅडमिंटन आणि कुस्ती या खेळांत असे प्रसंग वारंवार येतात.

शहरात या दुखापतीचे दुसरे मोठे कारण म्हणजे दुचाकी. पावसाळ्यात गाडी घसरू लागली की चालक सहजप्रवृत्तीने पाय टेकवून ती सावरू पाहतो. गाडीचे वजन एका दिशेला, टेकलेला पाय दुसऱ्या दिशेला, आणि मधला सगळा पीळ गुडघ्यावर येतो. वाकलेल्या गुडघ्यावर पडल्यास किंवा मोटारीच्या धडकेत गुडघा समोरच्या डॅशबोर्डवर आपटल्यास नडगीचे हाड मागे ढकलले जाऊन पीसीएल तुटतो. गुडघ्यावर बाहेरच्या बाजूने आघात झाला, तर आतल्या बाजूचा एमसीएल ताणला जातो. दहीहंडीच्या थरांवरून कोसळणारा गोविंदा असो वा जिन्याची शेवटची पायरी चुकलेली गृहिणी, गुडघ्याला बसलेला पीळ हाच या सर्वांतील समान दुवा होय.

ओळखावे कसे?

या दुखापतीच्या निदानात रुग्णाने सांगितलेली हकिगत हा फार मोठा आधार असतो. चार प्रश्नांची नेमकी उत्तरे मिळाली, तर अनुभवी डॉक्टरांना तपासणीपूर्वीच पुष्कळसा अंदाज येतो.

पहिला प्रश्न, आवाज आला होता का? एसीएल तुटताना अनेक रुग्णांना ‘कट्’ असा आवाज ऐकू येतो किंवा आत काही तरी तुटल्याची जाणीव होते.

दुसरा प्रश्न, सूज केव्हा आली? हा सर्वांत महत्त्वाचा. एसीएलला रक्तपुरवठा असल्याने तो तुटताच सांध्यात रक्त साचते आणि दोन-चार तासांतच गुडघा फुगतो. केवळ गादी फाटली असेल, तर सूज बहुधा सावकाश, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत येते. खेळताना दुपारी पीळ बसला आणि संध्याकाळच्या आत गुडघा सुजून घट्ट झाला, तर बहुसंख्य रुग्णांत एसीएल तुटलेला आढळतो. याउलट, एमसीएलच्या दुखापतीत संपूर्ण सांधा न सुजता केवळ आतल्या बाजूला सूज व वेदना असू शकतात. त्यामुळे सूज थोडी म्हणजे दुखापत किरकोळ, असाही निष्कर्ष काढता येत नाही.

तिसरा प्रश्न, खेळ किंवा काम पुढे चालू ठेवता आले का? एसीएल तुटलेला खेळाडू सहसा तो सामना पूर्ण करू शकत नाही.

चौथा प्रश्न, त्यानंतर गुडघा निसटतो का? सरळ रस्त्यावर चालताना त्रास नाही. पण वळताना, जिना उतरताना, खडबडीत जमिनीवर किंवा बसमधून उतरताना गुडघा सटकतो आणि तोल जातो, ही एसीएल तुटल्याची जुनी आणि विश्वासार्ह खूण आहे. गुडघा मध्येच अडकत असेल, पूर्ण सरळ होत नसेल, तर फाटलेल्या गादीचा तुकडा सांध्यात अडकल्याची शंका घ्यावी लागते.

पीसीएलची दुखापत मात्र मूकपणे होते. वेदना मागच्या बाजूला, सूज बेताची आणि निसटण्याची तक्रार कमी. उतारावरून किंवा जिन्यावरून खाली येताना गुडघा अस्थिर वाटणे एवढेच लक्षण काही रुग्णांत असते.

तातडीचे संकट

एका प्रकारात मात्र काही तासांचाही विलंब परवडत नाही. वेगवान अपघातात तीन-चार अस्थिबंध एकदम तुटले, तर संपूर्ण गुडघा निखळतो. पुष्कळदा तो आपोआप जागेवर बसतो आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत बाहेरून फारसे काही दिसत नाही. परंतु गुडघ्याच्या लवणीतून जाणारी, पायाला रक्त पुरवणारी मुख्य रोहिणी यात फाटलेली किंवा चेंगरलेली असू शकते. सहा ते आठ तासांत रक्तप्रवाह पूर्ववत झाला नाही, तर पाय गमावण्याची पाळी येते.

पाऊल थंडगार पडणे, पांढरे वा निळसर दिसणे, बधिर होणे, पायाचा पंजा वर उचलता न येणे, किंवा गुडघा अनेक दिशांना लुळा पडल्यासारखा हलणे, यांपैकी एकही लक्षण असल्यास रुग्णाला विनाविलंब मोठ्या रुग्णालयात न्यावे. पंजा वर उचलता न येणे हे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या मज्जातंतूला इजा झाल्याचे चिन्ह आहे. पायाची नाडी हाताला लागते म्हणून डॉक्टर निर्धास्त राहत नाहीत. पाय आणि दंड यांतील रक्तदाबाची तुलना आणि गरजेनुसार रक्तवाहिन्यांची चाचणी केली जाते.

पहिले दोन दिवस

दुखापत होताच खेळ थांबवावा. ‘चालून बघ, मोकळा होईल’ हा मैदानावरचा सल्ला घातक आहे. पायाला विश्रांती द्यावी आणि वजन टाकताना वेदना होत असल्यास कुबड्या घ्याव्यात. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दर दोन-तीन तासांनी लावावा. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. क्रेप बँडेज पुरेसे घट्ट, पण बोटे बधिर होणार नाहीत इतपतच बांधावे. पाय उशीवर उंच ठेवावा. मात्र उशी टाचेखाली व पोटरीखाली असावी. आराम वाटतो म्हणून अनेक जण ती गुडघ्याखाली ठेवतात. त्यामुळे गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे तो सरळ करणे कठीण होऊन बसते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत गुडघा चोळणे, जोरजोराने ओढणे, मुरड ‘बसवून घेणे’ आणि गरम शेक हे चारही प्रकार टाळावेत. आत रक्तस्राव होत असताना मालिश केल्याने सूज वाढते. अर्धवट तुटलेला अस्थिबंध पूर्ण तुटण्याची आणि सोबतच्या अस्थिभंगाचे तुकडे सरकण्याचीही भीती असते. मूत्रपिंडाचा विकार, पोटात व्रण किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

डॉक्टरांची तपासणी

प्रत्येक मुरगळलेल्या गुडघ्याला एक्स-रे आवश्यक नसतो. कॅनडातील ओटावा येथे १९९५ मध्ये तयार झालेले नियम यासाठी अनेक देशांत वापरले जातात. रुग्णाचे वय ५५ किंवा त्याहून अधिक असणे, केवळ वाटीवर दाबल्यास दुखणे, गुडघ्याच्या बाहेरील बाजूच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दाबल्यास दुखणे, गुडघा ९० अंशांपर्यंत वाकवता न येणे आणि दुखापतीनंतर व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता न येणे, यांपैकी एक जरी गोष्ट असेल, तर एक्स-रे काढावा.

मात्र एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, अस्थिबंध दिसत नाहीत, हे रुग्णाने लक्षात ठेवायला हवे. ‘एक्स-रे नॉर्मल’ याचा अर्थ ‘हाड मोडलेले नाही’ एवढाच. क्वचित एक्स-रेही अप्रत्यक्ष साक्ष देतो. नडगीच्या माथ्याच्या बाहेरील कडेवरून हाडाची लहानशी ढलपी निघालेली दिसली, तर एसीएल तुटलेला असण्याची शक्यता फार मोठी असते. फ्रेंच शल्यविशारद पॉल सेगाँ यांनी ही ढलपी १८७९ मध्ये, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या १६ वर्षे आधी, मृतदेहांवरील अभ्यासातून नोंदवली होती.

निदानाचा खरा कणा म्हणजे हाताने केलेली तपासणी. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून, एका हाताने मांडी स्थिर धरून दुसऱ्या हाताने नडगीचे हाड पुढे ओढले जाते. ते दुसऱ्या पायाच्या तुलनेत अधिक सरकले आणि शेवटी ठाम अटकाव जाणवला नाही, तर एसीएल तुटला आहे असे समजतात. ही ‘लॅकमन चाचणी’. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठाचे अस्थिरोगतज्ज्ञ जॉन लॅकमन यांच्या नावाने ती त्यांचे शिष्य जोसेफ टॉर्ग यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. गुडघा ९० अंशांत वाकवून केली जाणारी जुनी चाचणी ताज्या दुखापतीत पुष्कळदा फसते. कारण वेदनेमुळे गुडघा तेवढा वाकत नाही आणि मांडीच्या मागचे स्नायू आकसून हाडाला धरून ठेवतात. एमसीएल आणि एलसीएल तपासण्यासाठी गुडघा किंचित वाकवून बाजूला हलका ताण देतात. पीसीएल तुटला असल्यास, पाय वाकवून उताणे झोपवले असता नडगीचे हाड मागे खचलेले दिसते.

सूज व वेदना फार असल्यास पहिल्या दिवशी तपासणी अपुरी राहते. अशा वेळी आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासणी करून घेणे अत्यावश्यक आहे. फेरतपासणीची ही एक भेट टाळल्यामुळेच कितीतरी रुग्णांचे निदान महिनोन्‌महिने लांबते. एमआरआयमध्ये अस्थिबंध, गाद्या, कूर्चा आणि हाडाला बसलेला मुका मार हे सर्व दिसते. तरीही उपचार अहवालावर नव्हे, तर रुग्णाच्या गुडघ्यावर करायचे असतात. अहवालात ‘अर्धवट फाटलेला’ असा शेरा असला तरी गुडघा स्थिर आहे की नाही, हे हाताच्या तपासणीतूनच ठरते.

कोणत्या दुखापतीला कोणता उपचार?

अस्थिबंधाच्या दुखापतीच्या तीन श्रेणी मानल्या जातात. पहिल्या श्रेणीत तंतू ताणले जातात, दुसरीत काही तंतू तुटतात आणि तिसरीत अस्थिबंध पूर्ण तुटतो.

एमसीएल हा चौघांतील सर्वांत चांगला भरून येणारा अस्थिबंध. पहिल्या श्रेणीतील दुखापत साधारण दोन आठवड्यांत बरी होते. दुसऱ्या श्रेणीला तीन-चार आठवडे लागतात. तो एकटाच पूर्ण तुटला असेल, तरीही बहुतेकदा शस्त्रक्रिया लागत नाही. बिजागरीचा पट्टा सहा आठवडे वापरून आणि व्यायाम करून तो जुळतो. पूर्वी अशा रुग्णांना कंबरेपासून पावलापर्यंत प्लास्टर घालत. त्यातून गुडघा आखडत असे व मांडी बारीक होत असे. आता हालचाल लवकर सुरू करण्यावर भर असतो.

पीसीएल एकटाच तुटला असेल, तर बहुसंख्य रुग्णांवर शस्त्रक्रियेविना उपचार होतात. नडगीच्या हाडाला मागून आधार देणारा पट्टा आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम हे त्याचे मुख्य सूत्र.

एलसीएल आणि त्याच्या लगतचा, गुडघ्याच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यातील भाग पूर्ण तुटला, तर मात्र तो आपोआप नीट भरत नाही. येथे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केलेल्या शस्त्रक्रियेचे फळ अधिक चांगले मिळते. एकाहून अधिक अस्थिबंध तुटले असतील, तर बहुतेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या मोटारीला ३० डिसेंबर २०२२ रोजी रुरकीजवळ अपघात झाला. त्याच्या उजव्या गुडघ्याच्या अस्थिबंधांवर जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि मार्च २०२४ मध्ये तो पुन्हा मैदानावर उतरला. सर्व साधने हाताशी असलेल्या खेळाडूलाही सुमारे पंधरा महिने लागले, ही गोष्ट घाई करणाऱ्या प्रत्येक रुग्णाने ध्यानात घ्यावी.

एसीएल : शस्त्रक्रिया हवीच का?

एसीएल सांध्यातील द्रवात असतो. तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नसल्याने तो जुळणे अवघड असते. तो कधीच जुळत नाही, असे पूर्वी मानले जाई. अलीकडच्या अभ्यासांत मात्र शस्त्रक्रिया न केलेल्या काही रुग्णांच्या एमआरआयमध्ये तो पुन्हा सलग झालेला दिसला आहे. तो कोणाचा जुळेल, हे आधी खात्रीने सांगता येत नाही.

‘एसीएल तुटला म्हणजे शस्त्रक्रिया अटळ’ हा समज आणि ‘व्यायामाने सगळेच बरे होतात’ हा समज, दोन्ही टोकाचे आहेत. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया केली गेली. उरलेल्यांना आधी व्यायाम आणि गरज भासल्यास नंतर शस्त्रक्रिया असा मार्ग दिला गेला. दोन वर्षांनी दोन्ही गटांची प्रकृती सारखीच होती. व्यायाम गटातील पाच वर्षांत सुमारे निम्म्यांना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. उरलेल्या निम्म्यांना ती लागली नाही. उलटपक्षी, दुखापत जुनी असून गुडघा वारंवार निसटत असलेल्या ३१६ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेचा गट अधिक लाभात राहिला.

या दोन्हींचा एकत्रित बोध असा की, निर्णय एमआरआयच्या अहवालावर नव्हे, तर गुडघ्याच्या वागणुकीवर आणि रुग्णाच्या जीवनक्रमावर घ्यावा. बैठे काम करणारा, चालणे, पोहणे, सायकल एवढाच व्यायाम असलेला आणि तीन महिन्यांच्या शिस्तबद्ध व्यायामानंतर गुडघा न निसटणारा रुग्ण शस्त्रक्रियेविना उत्तम राहू शकतो. वळण्या-उड्यांचे खेळ खेळायचे असतील, रोजच्या व्यवहारातही गुडघा दगा देत असेल, किंवा शिवता येण्याजोगी गादी सोबत फाटली असेल, तर शस्त्रक्रिया योग्य ठरते. वय हा एकमेव निकष नाही. निसटणाऱ्या गुडघ्याकडे दुर्लक्ष करून खेळत राहणे, हा मात्र कोणाच्याही हिताचा मार्ग नव्हे.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

एसीएल शिवण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न इंग्लंडमधील लीड्स येथे मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्ये एका ४१ वर्षांच्या खाणकामगारावर केला. पुढे केवळ टाके घातलेले अस्थिबंध टिकत नाहीत, असे अनुभवास आले. ब्रिस्टॉलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ मध्ये मांडीच्या बाहेरील पट्ट्याचा भाग वापरून नवा अस्थिबंध घडवला. आजच्या शस्त्रक्रियेचे मूळ तत्त्व हेच आहे.

आता ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, लहान छिद्रांवाटे होते. रुग्णाच्याच शरीरातील कंडरा घेऊन, दोन्ही हाडांत बोगदे पाडून, एसीएलच्या जागी बसवली जाते. मांडीच्या मागची हॅमस्ट्रिंग कंडरा, वाटीखालची कंडरा किंवा वाटीवरची कंडरा यासाठी वापरतात. प्रत्येकीचे गुण-दोष आहेत. वाटीखालची कंडरा हाडाच्या तुकड्यांसह घेतल्याने लवकर जुळते. पण मांडी घालून बसणाऱ्या, गुडघे टेकून पूजा-नमाज करणाऱ्या व्यक्तींना पुढे गुडघ्याच्या समोरच्या भागात दुखू शकते. रुग्णाने आपली दिनचर्या सर्जनना आधीच सांगावी, ती याच कारणासाठी.

अपवाद वगळता ही शस्त्रक्रिया तातडीची नसते. सूज ओसरून, गुडघा पूर्ण सरळ होऊ लागल्यावर आणि मांडीच्या स्नायूंत ताकद आल्यावर ती केल्यास नंतर गुडघा आखडण्याचा धोका कमी होतो. गादीचा तुकडा अडकून गुडघा जखडला असेल, तर मात्र थांबू नये. जंतुसंसर्ग, पोटरीतील नसांत गुठळी होणे, गुडघा आखडणे आणि नवा अस्थिबंध पुन्हा तुटणे हे संभाव्य धोके आहेत. शस्त्रक्रियेनंतर ताप, जखमेतून स्राव, पोटरीत वाढती सूज व वेदना किंवा दम लागणे यांपैकी काहीही झाल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

खरी कसोटी व्यायामाची

शस्त्रक्रिया तासा-दोन तासांत संपते. खरा कस लागतो तो पुढील नऊ ते बारा महिन्यांत. बसवलेल्या कंडरेला नवा रक्तपुरवठा मिळून तिचे अस्थिबंधात रूपांतर होण्यास अनेक महिने लागतात. या काळात, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ती सर्वांत कमकुवत असते. रुग्णाला मात्र नेमके याच सुमारास बरे वाटू लागते आणि घात होतो. दुखापतीच्या आरंभी फसवणारे ‘बरे वाटणे’ येथे पुन्हा एकदा फसवते.

पहिल्या दोन आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ करणे, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबत मांडी पाच सेकंद आवळणे, पाय सरळ ठेवून उचलणे आणि टाच सरकवत गुडघा वाकवणे हे व्यायाम असतात. कुबड्या साधारण दोन-तीन आठवड्यांत सुटतात. सहा आठवड्यांच्या सुमारास जागेवरची सायकल आणि तीन-चार महिन्यांनी सरळ रेषेत हलके धावणे सुरू होते. गादी शिवलेली असल्यास हा क्रम लांबतो. उकिडवे बसणे, मांडी घालणे आणि भारतीय पद्धतीच्या शौचालयाचा वापर काही महिने टाळावा लागतो. यासाठी घरात आधीच सोय करून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

खेळात परतण्याचा निर्णय केवळ दिनदर्शिकेवर घेऊ नये. दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरील उड्यांची क्षमता निरोगी पायाच्या किमान ९० टक्के झालेली असावी. नॉर्वेतील १०६ खेळाडूंच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत खेळ लांबवलेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेले आढळले. कुस्तीगीर विनेश फोगट हिचा गुडघा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये लढतीदरम्यान निकामी झाला आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. दोन वर्षांनी, २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले. अशा पुनरागमनामागे प्रतीक्षेचा आणि व्यायामाचा मोठा वाटा असतो.

शस्त्रक्रियेने सांधा स्थिर होतो, पण संधिवाताची शक्यता पूर्णतः टळत नाही, हेही रुग्णाला आधीच कळले पाहिजे. एसीएल तुटलेल्या स्वीडनमधील महिला फुटबॉलपटूंची दुखापतीनंतर बारा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा त्यांचे सरासरी वय ३१ होते आणि निम्म्या जणींच्या एक्स-रेमध्ये संधिवाताची लक्षणे दिसत होती. वजन आटोक्यात ठेवणे आणि मांडीचे स्नायू बळकट ठेवणे हा म्हणूनच आयुष्यभराचा नेम ठरतो.

मुली आणि मुले

एकाच खेळात मुलींना एसीएलची दुखापत मुलांपेक्षा दोन ते तीन पट अधिक होते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. उडीनंतर उतरताना गुडघे आत वळण्याची सवय, स्नायूंच्या ताकदीतील फरक आणि प्रशिक्षणाची अपुरी संधी ही त्यामागील काही कारणे मानली जातात. वाढत्या वयातील मुलांत हाडांची वाढ होणारे भाग खुले असल्याने शस्त्रक्रियेचे तंत्र वेगळे असते. लहान मुलांत अस्थिबंध तुटण्याऐवजी त्याने धरलेला हाडाचा तुकडाच उखडून येऊ शकतो. त्यामुळे मुलाचा सुजलेला गुडघा ‘खेळताना लागले असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

टाळता येईल का?

बऱ्याच अंशी येईल. फुटबॉलच्या जागतिक महासंघाने तज्ज्ञांच्या मदतीने तयार केलेला ‘११ प्लस’ हा सुमारे वीस मिनिटांचा व्यायामक्रम नॉर्वेतील किशोरवयीन मुलींच्या संघांत वापरला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. त्यात महागडे उपकरण कोणतेही नाही. हलके धावणे, मांडी व पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, एका पायावर तोल सांभाळणे, आणि उडीनंतर गुडघे वाकवून, ते पावलांच्या रेषेत ठेवून उतरण्याचा सराव, एवढाच त्याचा गाभा. शाळेच्या मैदानावर वा कबड्डीच्या आखाड्यात हे कोणताही प्रशिक्षक करून घेऊ शकतो. आठवड्याला एकदाच, रविवारी सकाळी, थेट सामना खेळायला उतरणाऱ्या चाळिशीतील हौशी खेळाडूंनी तर पूर्वतयारीचा हा नियम कटाक्षाने पाळावा.

गुडघ्याला पीळ बसून काही तासांत सूज आली, आवाज आला किंवा नंतर गुडघा निसटू लागला, तर एक्स-रे निर्दोष असला तरी दहा दिवसांच्या आत अस्थिरोगतज्ज्ञांकडून पुन्हा तपासणी करून घ्यावी. वेदना थांबणे आणि सांधा सावरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेळीच ओळखलेल्या दुखापतीत केवळ व्यायाम पुरेसा आहे की शस्त्रक्रिया हवी, हे ठरवण्याची मोकळीक रुग्णाला असते. गादी आणि कूर्चा झिजल्यानंतर ती मोकळीक उरत नाही.